दाराआडची शांतता

ठमाबाई,

शेजारच्या पोरांना अपूर्णांक शिकवायला जातोय. जेवण झाकून ठेवलंय.

एक विचारू? पहिलीपासून तू मोठ्यानं घोकल्याशिवाय एक ओळ पाठ केली नाहीस. मीच शिकवलंय तुला, मला ठाऊक आहे. मग सीएची शेवटची परीक्षा तोंडावर आली तरी तुझ्या खोलीतून चकार शब्द का ऐकू येत नाही? दार ठोठावलं की तेवढं खणखणीत येतं, "अभ्यास चाललाय, आजोबा!"

मला शंका येते, तू परीक्षेला बसणारच नाहीयेस. तसं असेल तर सरळ सांग. तुझ्या बाबाची समजूत मी घालीन. पण बंद दाराला मी आणखी किती दिवस चहा पाजायचा?

आजोबा