सईची टिप, सगळ्यांचा डबा

३ मार्च, मंगळ.
कॉलेज अर्धवट सोडून आज सहा महिने. टेक्सासमधल्या अर्विंगहून बॉर्डर ओलांडून ओक्लाहोमाच्या या कॅसिनोत रोज ड्राइव्ह. बाबांचं चालूच, "पत्ते वाटायला अमेरिकेत आणलं का तुला?" जाऊ दे.
आज सईच्या शेजारचं टेबल मिळालं. ती पत्ते वाटते तेव्हा हरणारेही हसतात. एक रिटायर्ड इंजिनिअर काका सपाटून हरले, उठताना तिच्यापुढे मोठी चिप सरकवली.
"काका, हरलात की तुम्ही!"
"हरलो माझ्या नशिबाने. तू खेळवलंस झकास, त्याचे हे."
तिने चिप टेबलावर टकटक वाजवून टिपच्या डब्यात टाकली. डबा सगळ्यांचा! पत्ते वाटणाऱ्या आम्हा सगळ्या डीलर्सना तासांप्रमाणे वाटणी. मलाही. मी तर दिवसभर खेकसत होतो लोकांवर. तिच्या हसण्याचे पैसे माझ्या खिशात. डोकंच फिरलं.

५ मार्च
ब्रेकरूममध्ये विचारलं, तुला राग नाही येत?
"कशाचा?" तोंडात सँडविच. तशीही छान दिसते, काय करू.
म्हटलं, लिनचा. लिन साठीची, बोटं आखडलेली. तिचे पत्ते पिसून होईपर्यंत लोक फोन बघतात, उठून जातात. टिप जवळपास नाहीच. वाटा मात्र सईएवढा.
सई : "तू आपलं बघ. काल त्या आजींवर ओरडलास ना?"


८ मार्च, रवि.
ठरलं. कागद तयार : ज्याची टिप त्याची. मॅनेजर म्हणाला, वीस सह्या आण, मतदान घेऊ. पहिली ओळ रिकामी बरी दिसेना. सईचं नाव टाकलं, सहीसुद्धा मीच ठोकली. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. तिचं नाव बघून बाकीच्यांनी धडाधड सह्या केल्या. कागद दिला. तिला सरप्राइज.

१० मार्च
पार्किंगमध्ये गाठलं तिने. फोनवर कागदाचा फोटो.
"ही माझी सही?"
"तुझ्यासाठीच केलं, यार."
"विचारलंस मला? पत्ते धरायला कोणी शिकवलं मला? लिनने. तिच्या किचनमध्ये, तीन महिने, फुकट. आज ती मला विचारते, सई, माझं काय चुकलं?"
मी बरळत सुटलो. चांगली सर्व्हिस, चांगली टिप, लोक तसेच देतात, यात चूक काय? (अजूनही वाटतं, काय चूक?)
"मग तुझ्या टेबलाला काय मिळेल रे?"
गाडी काढून गेली. टायरला लाथ मारली मी. माझ्याच. अंगठा सुजलाय.

११ मार्च
मॅनेजरला सांगून टाकलं, ती सही मी केली. तो म्हणे, एक नाव गेलं तरी सह्या पुरतात, मतदान शुक्रवारी होणारच. "तुझं काय करायचं ते नंतर बघू."
सईला मेसेज केला, सॉरी. वाचला तिने. उत्तर नाही. अकरा वेळा बघितलं.

१२ मार्च
लिनला ब्रेक द्यायला तिच्या टेबलावर जावं लागलं. खांद्याला हात लावला. टेबल सोडताना तिने नियमाप्रमाणे, हातात चिप लपवलेली नाही म्हणून, दोन्ही हात उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवले. बोटं पुरती उघडत नव्हती. जाताना म्हणाली, "गुड लक, हनी."
मला! शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१३ मार्च, शुक्र.
चिठ्ठ्या टाकून मतदान. सई रांगेत माझ्यापुढे, चार जण सोडून. वळून बघितलं नाही. मी 'नको'वर खूण केली. माझ्याच कागदाला! मोजणी सोमवारी. सह्या करणारे सगळे खुशीत आहेत, जिंकणार म्हणतात. मीच पेटवलंय त्यांना.
सईला सांगावं, 'नको' म्हटलं म्हणून? ती म्हणेल, परत माझ्यासाठीच केलंस. लिनसाठी केलं म्हणू तर... खूण करताना मी बघत होतो सईच्याच पाठीकडे.
मेसेज लिहून ठेवलाय. दोनदा खोडला, परत लिहिला. पाठवलेला नाही.