बावन्न सालचा कोट

२६ मार्च १९७८, रविवार. मु. चौक.
ट्रंकेतून विवाहकोट काढला. गर्द निळा, लोकरी, पितळी बटणांचा. सव्वीस वर्षे अंधारात तपश्चर्या करूनही तेज अबाधित. संकल्प: चि. इंदूच्या विवाहात, ७ मे रोजी, कन्यादानसमयी हाच परिधान करणे. वस्त्र म्हणजे केवळ कापड नव्हे; ते देहावर पांघरलेले चरित्र होय. (वाक्य उत्तम. शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिणे.)
सौ. म्हणाली, गोधडीला दोन ठिगळं होतील त्याची. उपेक्षा केली.
कोट घातला. बटण आणि काजे यांत चार बोटांचे अंतर. लोकर आटते, हे सर्वश्रुत आहे.

२ एप्रिल.
आजपासून एकभुक्त. सायंकाळी केवळ ताक.
सायं. ७. ताकासमवेत दोन भाकऱ्या व सुकटीची चटणी. नुसते ताक वातकारक.

९ एप्रिल.
कर्जत स्थानकावर मशीनवर वजन केले. व्रतामुळे दोन किलो वाढ. तिकिटामागील भविष्य: ‘तुमचा प्रभाव वाढत आहे.’ तिकिटाच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट छापली आहे, असे सौ.चे मत.

१६ एप्रिल.
कोट सैल करण्यासाठी नागू शिंप्याकडे गेलो. त्याने अस्तर उसवले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, ‘गुर्जी, ह्याच्यात सोडायला आता काय नाय. चार-पाच डाव सैल केलाय, तितक्याच डाव घट्ट केलाय. लय मानसं गेलीत ह्याच्यातून.’
तारुण्यात माझी देहयष्टी परिवर्तनशील होती, असे त्यास सांगितले. ‘एका मानसाचा खांदा तीनदा वर-खाली व्हत नाय,’ नागू म्हणाला. शिंपीवर्गात तर्कशक्तीचा अतिरेक झाला आहे.
निर्णय: बटणे न लावता घालणे. मुंबईत हीच फॅशन. सराव म्हणून रोज सायंकाळी कोटासह अंगणात फेऱ्या. इंदू हसते. हसू दे.

२३ एप्रिल.
भावी व्याही हिरामण (पळसदरीचे भातशेतकरी; सज्जन, मितभाषी) बोलणी पक्की करण्यास आले. चहापूर्वीच कोट दाखविला. त्यांनी कॉलर उलटवली आणि म्हणाले, ‘ह्यो आमच्या बाचा कोट हाय.’
वृत्तान्त असा. कोट त्यांच्या वडिलांनी शिवून घेतला. पंचक्रोशीतील अकरा नवरदेव तो मागून नेऊन बोहल्यावर उभे राहिले; प्रत्येकाने परत केला. बारावा मी. पुढल्याच वर्षी खुद्द हिरामणांचे लग्न, कोट नाही. अखेर टपालवाल्याचा खाकी कोट घालून उभे राहिले. ‘सासुरवाडीला अजून मला पोस्टमन म्हनत्यात, गुर्जी.’
स्मरणशक्तीस पाचारण केले. ती रजेवर होती. सौ. आतून म्हणाली, ‘मी तवाच म्हनलं व्हतं, देऊन टाका. तर म्हनं, मागतील तवा बघू.’
हिरामण म्हणाले, ‘हुंडा नको, मानपान नको. कोट तेवढा द्या.’
विचार करून कळवतो म्हणालो. ‘मग तारखेचं बी तसंच कळवा,’ म्हणून ते उठले. चहा राहिला. 

२४ एप्रिल, सकाळ.
संकल्प अढळ. वस्तू ज्याच्या स्मरणात असते, त्याचीच असते. कोट देणार नाही.
दुपार. इंदू कालपासून जेवलेली नाही. सौ.ने माझेही ताट वाढलेले नाही. एकभुक्तव्रतास अनपेक्षित बळ.
सायं. ६. कोट स्वतः पळसदरीस पोहोचवला. तात्त्विक भूमिकेतून. तारीख कायम. हिरामणांनी तिथेच घालून पाहिला. सर्व बटणे लागली. इतके करण्याची आवश्यकता नव्हती.

७ मे, सायंकाळ.
विवाह संपन्न. हिरामण कोटात; मी नव्या टेरिलिनच्या बुशशर्टात. माझे जुने स्नेही दुरूनच कोट ओळखून, त्यांनाच वधूपिता समजून, त्यांचे अभिनंदन करीत होते. त्यांनी ते नाकारले नाही.
पाठवणीसमयी धीरोदात्त राहण्याचा संकल्प होता. राहिलोही, काही काळ. इंदूच्या डोळ्यांत पाणी, मान खाली. समोर निळी लोकर दिसली, तिच्यावर डोके टेकून ‘अण्णा’ म्हणाली आणि रडू लागली. हिरामण ताठ उभे. मग तिच्या डोक्यावरून मला म्हणाले, ‘गुर्जी, हिकडं या. कोट माजा हाय, लेक तुमची हाय.’
गेलो.
टेरिलिन अश्रू शोषून घेत नाही. तिचेही नाही, माझेही नाही. सरळ पोटावरून ओघळतात. सर्वांनी पाहिले.