तुझ्या आईचा बॉयलर

प्रिय दोरिन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नकोस, तुझी आई ठणठणीत आहे. तेच सांगायला बसले आहे, पण नीट पहिल्यापासून सांगू दे. फोनवर तू हल्ली कुणालाच धड बोलू देत नाहीस.

ऑक्टोबर संपता संपता तुझ्या आईच्या शेजारच्या वेतुरियाबाईंचा आमच्या दुकानात फोन आला. लुक्रेत्सियाच्या स्वयंपाकघरात बॉयलरवरची भिंत काळीठिक्कर पडली आहे, दिवसभर जळूनही रेडिएटर कोमटच राहतात, कुणाला तरी धाडा. पत्ता मला सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण अवजारांची पिशवी उचलून मीच निघाले. आपल्या घटस्फोटानंतर मी पुन्हा बाबांचाच गॅसफिटरचा धंदा धरला हे तुला ठाऊक आहेच. आपल्या लग्नात तुझी आई सगळ्या मेदियाश गावाला ऐकू जाईल अशी म्हणाली होती, की नवरीच्या हातांना ग्रीसचा वास येतो. त्यामुळे दार तोंडावर आपटलं जाणार, या तयारीनेच मी बेल वाजवली.

दार उघडलं आणि तिने माझे दोन्ही गाल धरले. "आलीस का गं फ्लोआरिया? किती वाट पाहायला लावलीस." फ्लोआरिया म्हणजे तिची बहीण, जिला आपण दोघांनी मिळून कबरस्तानात पोहोचवलं होतं. मला पायातले बूटही काढू न देता तिने आत ओढून नेलं. गॅसवर रिकामं भांडं तापत होतं. डोकं जड झालंय, पाय लटपटतात, सगळं वयामुळे, असं ती हसत सांगत होती. आणि मी तिच्या खांद्यावरून बॉयलरकडे पाहत होते. आतली ज्योत निळी नव्हती रे, पिवळी होती, मेणबत्तीसारखी लवलवणारी.

मी आधी गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि तिला शाल गुंडाळून वेतुरियाबाईंकडे नेऊन बसवलं. डॉक्टरीणबाईंना फोन करून तिथेच बोलावून घेतलं. त्यांनी लगेच रक्त तपासायला नेलं, ऑक्सिजन लावला. रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला. ती म्हातारपणाने भ्रमिष्ट होत नव्हती, दोरिन. तिचा बॉयलर तिला रोज थोडंथोडं विष पाजत होता.

मग मी तो उघडला. तुझे वडील गेल्यापासून त्याला कुणाचा हातच लागला नव्हता. लागला तो एका भुरट्या कारागिराचा. धूर बाहेर जाईना म्हणून बॉयलर आपणहून बंद पडायचा. शहाण्याने धूर का अडला ते न पाहता, तो बंद पाडणारा सुरक्षेचा पुर्जाच वायरने बांधून टाकला होता. बर्नर काजळीने गच्च. धुराड्यात कावळ्यांचं घरटं, काटक्या आणि चिंध्यांचं. त्यात भर म्हणजे, गारठा येतो म्हणून तुझ्या आईने खिडकीच्या सगळ्या फटी बोळे कोंबून बुजवलेल्या, म्हणजे ज्योतीला हवाही मिळेना.

धुराडं साफ करायला मी स्वतः छपरावर चढले. खालून वेतुरियाबाई ओरडल्या, पडलीस तर दोरिनला काय कळवू? मी म्हटलं, कळवा की तो दुसऱ्यांदा सुटला. काटक्या टोपलीभर निघाल्या. बर्नरचं छिद्र न् छिद्र मोकळं केलं, काजळी खरवडून काढली, तो पुर्जा नवा बसवला, भिंतीत हवेसाठी जाळी पाडली, आणि विषारी वायू साठला की बोंबलणारा भोंगा छताजवळ लावला. मग बॉयलर पेटवला. धूर धुराड्यातूनच जातो की नाही ते यंत्र लावून पुन्हापुन्हा तपासलं. ज्योत निळी, ताठ, टोकापर्यंत स्वच्छ. घरात कुणी नव्हतं. मी काळ्या हातांनी तिथेच खुर्चीवर बसले आणि मोठ्याने हसले.

आठवडाभराने आईला घरी आणलं. तिने दारातल्या रेडिएटरवर तळवा ठेवला, हात पटकन काढून घेतला आणि मग माझ्याकडे वळली. नजर एकदम लख्ख, जुन्यासारखी, सुईसारखी.

"तू स्मरांदा ना? तुला घरात कुणी घेतलं?"

"तुम्हीच घेतलंत. गालसुद्धा धरलेत."

तिने माझ्या गालांकडे पाहिलं. मग म्हणाली, "शुद्धीत नसताना मला अक्कल होती म्हणायची." आणि तिने मला बूट काढायला लावले. आता दर रविवारी तिच्याकडे जेवायला असते मी. कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सार्मालेत भात कमी पडला हे मी तोंडावर सांगते, माझ्या केसांना काजळीचा वास येतो हे ती तोंडावर सांगते. परवा पोस्टमनला अडवून सांगत होती, की हा बॉयलर आमच्या सुनेने जिवंत केला. 'माजी' हा शब्द तिने गिळला, आणि मीही दुरुस्ती केली नाही.

आता पत्र का लिहिलं ते. तिला काही आठवत नाही, घर झेपत नाही, म्हणून तिकडे स्पेनमध्ये, सारागोसात बसून तू सिबिऊच्या वृद्धाश्रमात तिची खोली ठरवलीस आणि घराला गिऱ्हाईक पाहिलंस. तू वाईट हेतूने केलं नाहीस, मला माहीत आहे. पण ती फोनवर समजावायला लागली की तू तिला लहान मुलासारखं गप्प करतोस, म्हणून हे काम तिने माझ्याकडे दिलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, लुक्रेत्सियाला आपलं घर चालवायला काहीही अडचण नाही. खोली रद्द कर. गिऱ्हाइकाला नाही म्हण. ती कुठेही सही करणार नाही, आणि तिला आश्रमात न्यायला गाडी आलीच तर दारात मी उभी असेन. आत्ता ती समोर बसून सफरचंद सोलते आहे आणि शेवटचं वाक्य माझंच असू दे म्हणते आहे, तेव्हा जसंच्या तसं लिहिते: "त्याला कळव, आई शुद्धीवर आली. आता त्यानेही यावं."

तुझी नव्हे, तुझ्या आईचीच,
स्मरांदा