बाळंतखोलीत मॅडमचं हळदीकुंकू

६ जानेवारी १९९७, सकाळ
आजपासून रोजनिशी. मी बोलायचं, सुनेनं लिहायचं. कुणी वाचायची नाही. मला तर वाचताच येत नाही, म्हणजे माझ्याकडून धोका नाही. चंदना, हसू नकोस, सातवा महिना आहे.
बातमी अशी, की गल्लीतल्या सरकारी बाळंतखोलीसाठी माझ्या येसाजीनं अर्ज केला होता. खाटा दोन, त्यातली एक मोडकी. छत गळकं. डॉक्टर नाहीच, एकट्या नागरत्ना सिस्टर. पूर्वी इथं कौलारू घरं होती. आता बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलीय, गारमेंटात जाणाऱ्या पोरी भाड्यानं राहतात, आणि सगळ्यांना याच दोन खाटा. सरकारनं पैसा दिला तर डॉक्टर येईल, अँब्युलन्स येईल. चंदनाचं बाळ दारातच होईल.
वीस तारखेला तपासायला सरकारी ऑफिसातल्या मॅडम येणार. येसाजीला म्हटलं, पोरा, तू फॅक्टरीत जा. मॅडमचं मी बघते.

८ जानेवारी
भवानीच्या देवळात बायकांची मीटिंग. निश्चय: कमी बोलायचं. मीच बोलले.
शेजारची गोजराबाई म्हणाली, अक्का, आहे तस्संच दाखवू. मी म्हटलं, अगं, पाहुणी यायची आणि तू तिला मोरी दाखवणार? तुझ्या धाकटीला बघायला आले तेव्हा पलंगाखाली काय काय कोंबलं होतंस, सांगू? सगळ्या हसल्या. ठराव पास.

१६ जानेवारी
चुना मारून झाला. छताच्या डागांखाली मंडपवाल्याचं झालरीचं कापड ताणलं. मोडकी खाट गोजराबाईच्या माडीवर. चांगल्या खाटेवर येसाजीच्या लग्नातली चादर. सिस्टरकडं रोज ओळीनं बसणाऱ्या पोटुशींना बजावलं, वीस तारखेला कुणी फिरकू नका, गर्दीत मॅडमचा जीव घुसमटेल.
येसाजी म्हणाला, आई, डॉक्टरकडं जाताना तू तोंडाला पावडर लावतेस का? मी म्हटलं, लावते.

२० जानेवारी, संध्याकाळ
फत्ते!
मॅडम आल्या. दारात रांगोळी, तोरण. हळदीकुंकू, खण, एळ्ळू-बेल्ल म्हणजे इकडचा तिळगूळ, संक्रांतीचं सगळं. तुंबा चेन्नागिदे, तुंबा चेन्नागिदे, म्हणजे फार छान, फार छान, म्हणतच राहिल्या. पेन थांबेना. एवढं लिहिणारी बाई रिकाम्या हातानं कशी पाठवेल?
डॉक्टरांचं काय, असं विचारलं. मी कन्नडात ठणकावून सांगितलं, आमच्या सिस्टर इतक्या हुशार की डॉक्टरला हात लावायला मिळत नाही. तेही लिहून घेतलं. तेवढ्यात चंदनाला ठसका लागला. चुन्याची धूळ असणार.

४ फेब्रुवारी
निश्चय: पत्र आलं का, असं येसाजीला रोज विचारायचं नाही. आज दोनदाच विचारलं.
कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याला सांगून आले, स्वल्प गाडी सरकव, इथं अँब्युलन्स उभी राहणार. तो सरी अज्जी, म्हणजे बरं आजी, म्हणाला. सरकवली नाही.

१८ फेब्रुवारी
पत्र आलं. येसाजीनं वाचलं. चुकीचं वाचलं असेल म्हणून पुन्हा वाचायला लावलं. तेच.
केंद्र उत्तम स्थितीत, स्वच्छ, गर्दी नाही. पैसा गरजू वस्तीला देण्यात येत आहे. आणि नागरत्ना सिस्टरांचं काम आदर्श असल्यानं तिथल्या नर्सना शिकवायला त्यांना सहा महिने तिकडं पाठवण्यात येत आहे. तोवर खोलीला कुलूप.
मी म्हटलं, कौतुक तर केलं! गोजराबाई नळाचं पाणी गेलं तरी तासभर बोलते. आज उठून घरी गेली.

२६ फेब्रुवारी
ऑफिसात जाऊन सगळं खरं सांगायचं ठरवलं. चंदनाला नको म्हटलं तरी बसमधून आली. मॅडमनी ओळखलं, खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी म्हटलं, छत गळतं हो. त्या हसल्या. म्हणाल्या, अज्जी, मी डोळ्यांनी बघितलंय. मी म्हटलं, ते कापड होतं. खाट लपवली होती. बायकांना मीच घरी बसवलं होतं. त्या म्हणाल्या, बाकीच्या वस्त्या आम्ही येणार म्हणून मुद्दाम घाण करून ठेवतात. तुम्हीच एक प्रामाणिक. आता दुसऱ्यांसाठी मागायला आलात, केवढं मोठं मन!
कॉफी चांगली होती. चंदनानं घेतली नाही.

२७ मार्च
आज येसाजी लिहितोय. त्याचा हात सावकाश चालतो.
काल दुपारी चंदनाला कळा सुरू झाल्या. बाळंतखोलीच्या कुलपाला मी उगाच हात लावून बघितला. रिक्षानं लांबच्या मोठ्या इस्पितळात नेलं. यशवंतपूरजवळ लॉऱ्यांमागं अडकलो. चंदनानं माझा हात धरला होता, बोटं अजून दुखतात.
तिथली नर्स म्हणाली, कुठून आलात? सांगितलं. म्हणाली, तुमच्याकडं एवढं चांगलं केंद्र असताना इथं गर्दी कशाला करता?
मुलगी झाली. दोघी ठीक. खाट नाही, वऱ्हांड्यात चटईवर आहेत.
आज सकाळी ओरडा झाला, मोठे डॉक्टर राउंडला येतायत. मी लगेच फडकं घेऊन चटईभोवतीची फरशी पुसायला लागले. येसाजीनं फडकं माझ्या हातातून काढून घेतलं.