गुलाबचंदाची छायाचित्रे

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. कार्तिक शुद्ध एकादशी

पहिल्या पानावर गुलाबचंदाची छायाचित्रे! आमच्या मुरलीधराच्या मंदिराचे संकेतस्थळ निघायचे आहे, आणि पंचांनी आज निर्णय दिला — मुखपृष्ठ त्याचे, आतली पाने माझी. एकादशीचा शृंगार करतो मी. चंदन उगाळतो मी. पीतांबराच्या निऱ्या बसवतो मी. आणि खांबाला टेकून फोन उगारणारा हा सक्करदऱ्याचा साडीवाला — तो अग्रपूजेचा मानकरी!

"बुवा, तुमचे फोटू साफ हायेत," रामाजी पंच म्हणाले, "पन त्याच्या फोटूत जीव हाये गा. तुम्ही पाहा तं एकडाव."

जीव! मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झालेली असताना आणखी कसला जीव हवा?

पाहिली नाहीत. पाहणारही नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मूळ छायाचित्रे फार जड; संकेतस्थळावर चढत नाहीत. ऋतुजाने — नात, संकेतस्थळ तीच बांधते आहे — उपाय शिकवला. सगळी एका फोल्डरात ठेवायची, रुंदी एकदाच लिहायची, बटण दाबायचे. शेकडो चित्रे एका दमात लहान होतात. एकही उघडावे लागत नाही.

"बाराशे लिहा, आजोबा. अन् लहान झालेले दुसऱ्या फोल्डरमध्ये पाठवा. त्याच्यावरच सेव्ह कराल, तर मोठे गेले समजा!"

तिची परीक्षा जवळ आहे. काम मी मागून घेतले. माझी छायाचित्रे आज पूर्ण झाली — प्रभूंच्या डोळ्यांतले काजळसुद्धा स्पष्ट.

बटण दाबताना भिंतीवरच्या प्रयागकडे दृष्टी गेली. माझी पत्नी; चैत्रात गेली ती. आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला फोटो, नाक-डोळे पुसट. दुसरा नाहीच. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून तुळशीची माळ तीच ओवायची. मी कॅमेरा धरला की म्हणायचो — बाजूला हो, देवावर सावली पडते.

"हे घ्या जी, झाली बाजूले. माहा फोटू कोन मागून राहिला?"

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. पौर्णिमा

गुलाबचंद पेन ड्राइव्ह घेऊन आला. तोंडात विडा, नेहमीचे हसू.

"घ्या बुवा. फोन ठेचून भरला होता. सारे फोटू याच्यात टाकले अन् फोनातले पुसून टाकले. तुमच्या हाती देऊन राहिलो, मले चिंता नाही. निवांत बसून पाहाजा, हे तं तुमच्यासाठीच..."

मी हात जोडले. वाक्य तिथेच थांबले.

शनिवार, १६ नोव्हेंबर

षड्रिपूंत मत्सर शेवटचा. शेवटचा म्हणजे सर्वांत दुबळा, असे मी प्रवचनांतून सांगत आलो!

रविवार, १७ नोव्हेंबर

दुपारी केले. एकही चित्र न उघडता.

रुंदी — बाराशे नव्हे, साठ. बसू दे पहिल्या पानावर टिकलीएवढा! दुसरे फोल्डर? त्याच्यासाठी कशाला? पेन ड्राइव्हमध्येच, त्याच्यावरच. संगणकाने विचारले — मूळ चित्रे बदलू का? 'होय' दाबले.

डाव्या हातात जपमाळ होती.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

"आजोबा, गुलाबचंदकाकांचे फोटो इतके बारीक काहून? मोठे कुठं आहेत?"

"त्यांनी दिलेच तसे."

असत्य. या वयात, स्नानानंतर, नातीशी.

सायंकाळी रामाजींचा निरोप — मुखपृष्ठ आता माझे. संध्येत मन लागले नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

गुलाबचंद आला. भांडेल असे वाटले होते. खुर्चीच्या कडेवर बसला, विडा नव्हता.

"माहा फोनच भंगार निघाला बुवा. पुसाची घाई मीच केली. माहीच चूक." मग भिंतीकडे पाहत राहिला. "पन तुम्ही पाहिले का नाही अजून?"

"वेळ झाला नाही."

"पाहून घ्या जी. देवाचे फोटू तं तुम्ही काढताच. मी कायले काढू?"

चहा तसाच ठेवून गेला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

उघडले.

प्रत्येकात प्रयाग. उंबऱ्याशी बसलेली, मांडीवर तुळस. एकात मी कॅमेरा लावून उभा, आणि ती सरकता सरकता माझ्याकडे पाहते आहे — हसते आहे असे वाटते. चेहरा तुळशीच्या मण्याएवढा. मोठे करू गेलो. चौकोन झाले; एक हिरवा, एक पांढरा, एक कुंकवाचा.

बाजूला झाली.