वृंदातला सोळावा

तीर्थस्वरूप कल्लिपोसदादास,

धाकट्या स्मिक्रोसचा नमस्कार. पत्रात आधी प्रकृतीची चौकशी करायची असते. पण तीन वर्षांपूर्वी लेम्नोसच्या समुद्रात बुडालेल्या माणसाची ती कशी करावी, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तरी विचारतो, खोकला कसा आहे? थ्रासोनमामा उद्या तुमच्याकडे यायला निघताहेत. त्यांच्या मुठीत हा शिशाचा पत्रा सरकवून देतो आहे. (शिशावर खिळ्याने कोरायचं म्हणजे बोटांचे हाल, म्हणून थोडक्यात लिहितो. तू हसशील, पण खरंच थोडक्यात.)

मामा कसे गेले ते आधी. दियोनिसोसच्या उत्सवात शोकनाट्य पाहून ते इतके रडले, इतके रडले, की अंग हलकंफुलकं झालं म्हणाले आणि घरी येऊन अख्खा वाम मासा एकट्याने खाल्ला. पोट मात्र हलकं झालेलं नव्हतं.

आता माझी फजिती. यंदा नाटकाच्या वृंदात माझी निवड झाली. पंधरा जण, पाच-पाचच्या तीन ओळी. कुंभार, चांभार, एक मध विकणारा, सगळे दाढीवाले, आणि सोंग मात्र समुद्राने नवरे गिळलेल्या बायकांचं. मी शेवटच्या ओळीत, अगदी डाव्या टोकाला. हौसेने गेलो नव्हतो. तू गेल्यापासून आईच्या डोळ्यांतून टिपूस नाही. रोज तुझं ताट वाढते: जवाची भाकरी, खारवलेला मासा, ऑलिव्ह. वैद्य म्हणतो, न रडलेलं पाणी छातीत साचतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. आताशा तिला धापही लागते. तू येणार नाहीस हे तिला तोंडावर सांगायची माझी हिंमत होत नाही. म्हटलं, नाट्यगृहात चीज विकणाऱ्यापासून सेनापतीपर्यंत सगळे परक्याच्या दुःखावर रडून मोकळे होतात, तर मला बघायला आली की तीही होईल.

तिसऱ्या विलापाला सगळं नाट्यगृह हुंदके देत होतं. मुखवट्याची भोकं एवढीशी, बाजूचं काही दिसत नाही. आणि माझ्या डावीकडे, जिथे कुणी असायलाच नको, तिथे कुणीतरी गाऊ लागलं. अर्धा सूर खाली. (दादा, निदान आता तरी सूर सुधारायचा होतास.) पावलं ओली वाजत होती. भर उन्हात माझा डावा खांदा गार पडला आणि घाबरून मी ताल चुकलो. तो मात्र चुकला नाही. तेवढ्यात आई उठली आणि माझ्याकडे नाही, माझ्या डावीकडे बघून ओरडली, "कल्लिपोस, किती भिजलास रे! आधी अंग पूस!" लोकांना वाटलं, बाई नाटकात रंगून गेली. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. आई रडली नाहीच, उलट घरी येऊन तिने तुझं अंथरूण घातलं.

तिकडे बाबांना नमस्कार सांग. मामांना पहिले काही दिवस मासे देऊ नका.

तुझा,
स्मिक्रोस

ता. क. खरं काम असं. एकदा तिच्या स्वप्नात ये आणि तू गेलास हे तूच तिला सांग. तू थोरला, हे काम तुझं.

ता. क. २. मामांच्या मुठीत पत्रा घालताना आईने पकडलं. (मूठ उघडेना, त्यात वेळ गेला.) तिला वाचता येत नाही, म्हणून सगळं वाचून दाखवावं लागलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "तो गेला हे मला तुझ्याआधी कळलं होतं, वेड्या. तीन वर्षं तू त्याचं नाव काढलं नाहीस. ताट वाढायचे ते तुझ्यासाठी. एकदा तरी म्हणशील, आई, पुरे, तो नाही आता. तू रडल्याशिवाय मी कशी रडू?"

मी म्हटलं, "मग त्या दिवशी हाक कुणाला मारलीस?"

"त्यालाच. गेला म्हणून काय झालं, भिजला होता ना!"

मग आम्ही दोघं असे रडलो की मामी खूश झाली. तिला वाटलं, मामांसाठीच. आई आता दमून झोपली आहे, श्वास संथ चालला आहे. तेव्हा स्वप्नात यायचं रद्द कर, दादा. तिला झोपू दे.