गिऱ्हाइकाचा कोट

दादा,

तुरुंगात पत्रं आधी उघडून वाचतात, म्हणून हे मी पाठवणार नाही.

वकीलबाई म्हणतात, चरसची पुडी आपल्या लाँड्रीत एका कोटाच्या खिशात सापडली एवढ्यानं गुन्हा ठरत नाही; ती त्या कोटात आहे हे तुला माहीत होतं, असं सिद्ध व्हायला हवं. कोट गिऱ्हाइकाचा, पुडीही त्याचीच, असं म्हणायचं. हे ऐकून आई त्या दिवशी पोटभर जेवली.

मी मात्र ताट तसंच सरकवलं. झडतीच्या वेळी मीच तोऱ्यात बोलून गेले होते, "साहेब, आमच्याकडे खिसे उलटे केल्याशिवाय एकही कपडा धुवायला जात नाही. बाबांची शिस्त आहे!" त्यांनी ते लिहून घेतलं. तू मान खाली घातलीस.

उद्या माझी साक्ष आहे. "एखादा खिसा तपासायचा राहिला असेल, एवढंच सांगा," असं वकीलबाई म्हणतात.

तो कोट मीच धुतला, मीच इस्त्री करून टांगला. सगळे खिसे रिकामे होते, दादा. त्यानंतर दुकानात तू एकटाच होतास.

खोटं बोलले की माझे कान लाल होतात, म्हणून तू चिडवायचास. उद्या केस मोकळे सोडून जाईन.

तुझीच,
छोटी